लिंबावर फवारण्याआधी पान उलटून पाहा

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेच्या पानावर लिंबावरील किडीच्या ‘कायमच्या बंदोबस्ता’ची कृती छापून आली आहे. कपडे धुण्याची पावडर, रॉकेल आणि तंबाखूचे पाणी एकत्र ढवळायचे, दर आठवड्याला झाड न्हाऊन निघेल असे फवारायचे, की कीड नावालाही उरत नाही, असा एकूण मजकूर. सोबत काजळी धरलेल्या पानांचा फोटो आणि त्याखाली ‘रोगट पाने’ अशी ओळ. ज्यांच्या दारात एखादे लिंबाचे किंवा मोसंबीचे झाड आहे ते लोक अशी कात्रणे जपून ठेवतात आणि वेळ आली की तंतोतंत अमलात आणतात. म्हणून हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे. जागेअभावी कापायचेच झाले तर माझी ओळख कापा, सिट्रस सायला या किड्याचा भाग कापू नका.

ओळख एवढीच की मी शेतीतज्ज्ञ नाही. घड्याळे दुरुस्त करण्यात आयुष्य गेले. दुकान मुलाच्या हाती दिले तेव्हा डोळ्याला लावायचे दहापट भिंग आणि बारीक चिमटा तेवढा घरी घेऊन आलो. अंगणात कुंपणाच्या भिंतीलगत कागदी लिंबू आहे आणि गच्चीवर ड्रममध्ये मोसंबी. भिंग आता त्यांच्या पानांवर फिरते. घरच्यांच्या मते माझे काही खरे नाही.

आधी फोटोबद्दल. त्यातली पाने रोगट नाहीत, मळकी आहेत. ओल्या फडक्याने पुसली तर खालून चांगले हिरवे पान निघेल. तो काळा थर म्हणजे बुरशी, पण ती पानात शिरत नाही; पानावर सांडलेल्या गोड चिकट द्रवावर वाढते. हा द्रव येतो कुठून? मावा, पांढरी माशी, काळी माशी, पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड या सगळ्यांचे तोंड सुईसारखे असते. ती सुई पानात किंवा कोवळ्या फांदीत खुपसून अन्नरस वाहून नेणाऱ्या नळीपर्यंत पोचवायची आणि रस ओढत बसायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. त्या रसात साखर भरपूर आणि वाढीला लागणारे नत्र अगदी थोडे. पुरेसे नत्र मिळवायचे तर रस बेसुमार प्यावा लागतो आणि नको असलेली साखर मागच्या बाजूने टाकून द्यावी लागते. ती खालच्या पानांवर पडते, त्यावर काजळी धरते. म्हणजे काळे पान दिसले की कीड त्या पानावर नव्हे, त्याच्या वरच्या पानाच्या मागे शोधायची. काजळीवर औषध मारणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. काजळीचा तोटा होतोच, पानाला ऊन कमी मिळते. पण वरची गळती थांबली की ती वाळून पापुद्र्यासारखी सुटते, किंवा पाण्याने धुऊन जाते.

आता मुंग्या. आपल्या मजकुरात मुंग्यांचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. लिंबाच्या खोडावर मुंग्यांची चढती-उतरती रांग दिसली तर वर कोणीतरी गोड द्रव टाकत बसले आहे हे नक्की समजावे. मुंग्या तो पितात, आणि जिथून तो मिळतो त्या किडीची राखणही करतात. मावा खायला आलेल्या ढालकिड्याला मुंग्या चावून पळवून लावतात हे मी भिंगाखाली पाहिले आहे. माव्याच्या अंगात अंडे घालायला उतरलेल्या इवल्याशा गांधीलमाशीला तर त्या टेकूच देत नाहीत. मुंग्या हटवल्या की राखण उठते, आणि पुढचे बरेचसे काम हे मित्रकीटक फुकटात करतात.

हटवायच्या कशा? मुंग्यांवर विष शिंपडून काही होत नाही, वारूळ तसेच राहते आणि रांग पुन्हा लागते. खोडाभोवती कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी घट्ट बांधायची आणि तिच्यावर न वाळणारा चिकट पदार्थ लावायचा. थेट सालीवर लावायचा नाही, साल भाजते. पट्टीखाली फट राहिली तर मुंग्या तिथून जातात, म्हणून आधी खोडाच्या खाचा कापसाने बुजवायच्या. पट्टी धुळीने भरली की बदलायची आणि अधूनमधून सोडून जागाही बदलायची, नाहीतर खोडाला काच बसतो. हे सगळे करूनही रांग थांबत नसेल तर झाडाची एखादी फांदी भिंतीला टेकलेली असणार. माझ्या लिंबाचे तेच होते. कुंपणाला टेकलेल्या दोन डहाळ्या आणि जमिनीला लोळणाऱ्या खालच्या फांद्या छाटल्या तेव्हा कुठे पट्टीला अर्थ आला. वारूळच कमी करायचे असेल तर साखरेच्या पाण्यात जेमतेम एक टक्का बोरिक ॲसिड मिसळून, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत, मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे. प्रमाण वाढवायचा मोह होतो. वाढवू नये, जास्त तीव्र झाले की मुंगी वाटेतच मरते आणि विष वारुळापर्यंत पोचत नाही.

सगळ्याच मुंग्या वाईट असेही नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. चीनच्या दक्षिण भागात इसवी सन ३०४च्या सुमाराच्या लिखाणात संत्र्याच्या झाडांसाठी विणकर मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचा उल्लेख आहे. पुढे बागायतदार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांबूच्या काठ्यांचे पूल टाकत, म्हणजे मुंग्यांची ये-जा व्हावी. किडीकडून कीड आवरण्याचा हा बहुधा सर्वांत जुना लेखी दाखला. त्या मुंग्या अळ्या आणि ढेकूण फस्त करतात. पण चिकट द्रवाचा लोभ त्यांनाही सुटत नाही, आणि घरच्या झाडावर त्या चावतात तो भाग वेगळाच.

आता कीड ओळखण्याविषयी. ‘कीड’ या एका शब्दाखाली सगळ्यांना एकच माप लावणे हाच त्या कृतीचा मूळ दोष आहे. कारण यातल्या निम्म्या किडींकडे काणाडोळा केला तरी चालते.

मावा घ्या. तो फक्त कोवळ्या नवतीवर बसतो. पाने आक्रसतात, वळतात, घरातला माणूस धास्तावतो. उबदार हवेत माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती थेट पिल्ले देते, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. म्हणून आज चार दिसले तर आठवड्याने डहाळी भरते. पण पान जून झाले, जाड झाले, की त्याला ते मानवत नाही आणि गर्दीत पंख फुटलेले मावे उडून जातात. वाढलेल्या झाडाचे चार शेंडे वाकडे झाले म्हणून काही बिघडत नाही. वळलेल्या पानाच्या आत बसलेल्या माव्याला स्पर्शाने मारणारे औषध लागतही नाही, मग फवारणी कोणाला लागते? बाहेर फिरणाऱ्या ढालकिड्याला. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात ते हे. मी पाण्याच्या नळीचा जोराचा फवारा खालून वर मारतो. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. आणि भिंगातून पाहिल्यावर काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी मणी झालेले दिसले, पाठीवर टाचणीने पाडल्यासारखे गोल भोक असले, तर नळीही बंद करतो. ते मणी म्हणजे आतून गांधीलमाशी बाहेर पडून गेल्याची खूण. त्या डहाळीचे काम दुसऱ्याने अंगावर घेतलेले असते.

एक अपवाद: तपकिरी-काळा मावा ट्रिस्टेझा नावाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली कलमे त्याने झपाट्याने वाळतात. गेल्या शतकात दक्षिण अमेरिकेत बागाच्या बागा गेल्या. घरच्या माणसाने यावर करण्यासारखी गोष्ट म्हणजे खात्रीच्या ठिकाणाहून, सहनशील खुंटावरचे निरोगी कलम आणणे. फवारणीने हा विषाणू अडत नाही.

पांढरी माशी आणि काळी माशी पानाच्या मागे असतात. काळ्या माशीची अंडी तर मुद्दाम पाहण्यासारखी. पानाच्या मागे गोगलगाईच्या शंखासारख्या वळणात मांडलेली असतात. पुढे तिथेच काळे, कडेला पांढऱ्या मेणाची झालर असलेले ठिपके चिकटून बसतात. ती पिल्ले. पानाच्या वरच्या बाजूला कितीही औषध ओता, त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. फवारायचेच तर नोझल वर करून, झाडाखाली वाकून, पानाच्या पाठीवर फवारावे. पाठ दुखते, इलाज नाही.

खवले कीड दोन प्रकारची. मऊ कवचाची कीड चिकट द्रव टाकते. कडक कवचाची, उदाहरणार्थ फांदीवर आणि फळावर लालसर टिकल्यांसारखी बसणारी, अन्नरसाच्या नळीऐवजी पेशींमधला रस घेते, त्यामुळे तिच्याखाली चिकटपणा नसतो आणि काजळीही नसते. मुंग्या नाहीत, काजळी नाही, तरी डहाळी पिवळी पडून वाळते आहे असे दिसले तर सालीवर नखाने खरवडून पाहावे. टिकली निघाली तर टाचणीने तिचे कवच उचलावे: आत ओलसर पिवळा जीव असला तर जिवंत, कोरडा चुरा असला तर मेलेली. मेलेल्या किडीही महिनोन् महिने चिकटून राहतात, आणि लोक मेलेल्यांवरच औषध मारत बसतात. जिवंत असल्या तरी कवचाखाली औषध शिरत नाही. त्यांचा नाजूक काळ एकच, अंड्यातून निघालेली पिल्ले जागा शोधत फिरत असतात तेवढा. तो ओळखायला फांदीभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पारदर्शक पट्टी गुंडाळा आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंगाने पाहा. पट्टीवर पिवळे ठिपके चिकटू लागले की तेलाची फवारणी तेव्हा करा. आधी नाही आणि महिन्याने नाही. या लाल खवले किडीला आवरणारी एक इवलीशी गांधीलमाशी १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तानातून कॅलिफोर्नियाला नेण्यात आली आणि तिथल्या बागांत ती आजही राबते आहे.

पिठ्या ढेकूण सगळ्यांना माहीत असतो, आणि त्याच्यामुळेच सर्वांत मोठी गफलत होते. तो कापसासारखे मेण अंगावर घेऊन फळाच्या देठाच्या टोपीखाली, दोन फळे एकमेकांना टेकतात त्या फटीत बसतो. मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. मेणामुळे पाणी अंगावरून ओघळून जाते. चार-दोन ठिकाणी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काडीला लावून टिपून काढावा. पण टिपण्याआधी भिंग लावावे! कारण याच ढेकणांना खाणारा एक ढालकिडा आहे, क्रिप्टोलेमस. त्याची अळी ढेकणांच्या घोळक्यात वावरते आणि अंगावर हुबेहूब तसेच पांढरे मेणाचे धागे बाळगते. ढेकणापेक्षा ती मोठी असते, धागे लांब असतात, आणि हलवले तर ती चटकन चालू लागते, ढेकूण सुस्त. नवख्याला ती ‘मोठा माजलेला ढेकूण’ वाटते आणि सगळ्यात आधी तीच चिरडली जाते. आमच्या सौभाग्यवती एकदा फडके घेऊन निघाल्या होत्या. “अहो, हा बघा केवढा झालाय!” म्हणून मला दाखवायला थांबल्या, म्हणून ती अळी वाचली. पुढे गच्चीवरच्या मोसंबीवरचे ढेकूण तिच्या गोतावळ्यानेच उरकले.

आता रॉकेलची गोष्ट सांगतो, म्हणजे ही कृती नवी नाही हे लक्षात येईल. १८८०च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या संत्र्यांवरील खवले किडीसाठी हेन्री हबर्ड यांनी रॉकेल आणि साबण घुसळून दुधासारखे मिश्रण केले होते. त्या काळी ती प्रगती होती, आणि ते तरी नीट घुसळलेले होते. नुसते ढवळलेले रॉकेल पाण्यावर तरंगते, फवाऱ्याच्या शेवटी शुद्ध रॉकेलच पानावर पडते आणि पान करपते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात ऑस्ट्रेलियातून आलेल्या, पाठीवर पांढरी कापसाची गादी वाहणाऱ्या खवले किडीने धुमाकूळ घातला होता. लोकांनी साबण, रॉकेल, क्षार सगळे करून पाहिले. १८८६ मध्ये कोकिलेट नावाच्या कीटकतज्ज्ञाने लॉस एंजेलिसच्या वुल्फस्किल बागेत झाडांवर तंबू टाकून आत सायनाइडचा धूर सोडायला सुरुवात केली. सायनाइड! तरीही कीड हटेना. शेवटी अमेरिकी सरकारचे कीटकतज्ज्ञ चार्ल्स रायली यांनी आपले सहकारी अल्बर्ट कोबेले यांना १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला धाडले, की जिथून ही कीड आली तिथे तिला खाते कोण ते बघा. त्यांनी लाल-काळा, दाण्याएवढा ढालकिडा पाठवला. सुरुवातीच्या तीन खेपांत मिळून आले अवघे १२९. त्याच बागेत एका झाडावर तंबू टाकून ते आत सोडले. ज्या तंबूत विषारी धूर करत होते तशाच तंबूत आता किडे पाळले! उन्हाळ्यात तिथून दहा हजारांवर किडे बागायतदारांनी घरोघर नेले, आणि वर्ष-दीड वर्षात बागा सावरल्या.

गोष्ट इथे संपत नाही. १९४०च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आले. बागांवर दुसऱ्या किडींसाठी फवारले गेले, ढालकिडा मेला, आणि पन्नासेक वर्षे दबून असलेली ती पांढरी खवले कीड पुन्हा उफाळली. फवारणी आवरली, किडे परत सोडले, तेव्हा ती बसली. दर आठवड्याला फवारा मारण्याच्या सल्ल्याला माझा विरोध का, त्याचे उत्तर यात आहे. किडी मरतात आणि झपाट्याने परत वाढतात. त्यांना खाणारे मात्र उशिरा येतात, कमी संख्येने येतात, आणि प्रत्येक आठवड्याला मरत गेले तर येतच नाहीत.

आपल्या कृतीतले उरलेले दोन घटकही पाहू. कपडे धुण्याची पावडर पानावरचा मेणाचा थर धुऊन काढते, आणि कुंडीत तिचे क्षार साठत जातात. तंबाखूचे पाणी म्हणजे निकोटिन. ‘घरगुती’ म्हटल्याने विषाचा गुण बदलत नाही. ते माणसाच्या कातडीतूनही अंगात जाते, आणि आपण ज्याची फळे खातो त्या झाडावर ते हाताने शिंपडायला सांगितले आहे, हातमोज्यांचा उल्लेखही न करता.

याच्या उलट टोकाचा सल्लाही फिरत असतो, तो एका रोपवाटिकेत मला मिळाला: मुळाशी ओतायचे औषध, इमिडाक्लोप्रिड. मूळ ते शोषते, झाडभर पसरते, रस पिणारी कीड मरते. काम करते, नाही म्हणत नाही. पण तेच औषध फुलातल्या मधातही उतरते आणि लिंबाला मधमाशा किती येतात ते सांगायला नको. युरोपीय संघाने २०१८ मध्ये उघड्यावर त्याचा वापर बंद केला तो मधमाशांसाठीच. बहरातल्या झाडाच्या मुळाशी ते ओतू नये, आणि घरच्या एका झाडाला त्याची गरज पडावी असे प्रसंग फार थोडे.

ते थोडे प्रसंग कोणते, यावर मी आता येतो. इतका वेळ धीर धरा, थांबा, पाणी मारा असे सांगत आलो. सिट्रस सायलाच्या बाबतीत ते सगळे मी मागे घेतो.

सायला तीन-चार मिलिमीटरचा, करड्या ठिपक्यांच्या पंखांचा किडा. पानावर बसतो तेव्हा डोके खाली आणि बूड वर, असा तिरका. दुसरा कुठलाही किडा लिंबावर असा बसत नाही, त्यामुळे भिंगाशिवायही ओळखता येतो. अंडी पिवळी-नारिंगी, बदामाच्या आकाराची, आणि ती नुकत्याच उमलणाऱ्या शेंड्याच्या घडीतच घालतो. एक मादी आयुष्यात काही शे अंडी घालते. पिल्ले चपटी, पिवळसर, आणि त्यांच्या मागून पांढऱ्या मेणाचे वळलेले धागे बाहेर येतात. शेंड्यावर असे पांढरे कुरळे धागे दिसले की दुसरे काही शोधायचे कारण नाही.

रस पिऊन तो जे नुकसान करतो ते किरकोळ. खरा धोका म्हणजे त्याच्या तोंडातून जाणारा ग्रीनिंग नावाच्या रोगाचा जीवाणू. हा जीवाणू अन्नरसाच्या नळ्यांत राहतो, नळ्या तुंबतात, आणि झाड हळूहळू उपाशी मरते. लागण झालेल्या झाडावर उपचार नाही. पिल्लू असताना जीवाणू घेतलेला सायला मोठा होऊन उडाला की आयुष्यभर तो वाहत राहतो. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये आढळला, रोग २००५ मध्ये. २००३-०४च्या हंगामात तिथे संत्र्याच्या २४ कोटींहून जास्त पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्ये दोन कोटीही निघाल्या नाहीत. वादळांनी भर घातली हे खरे, पण कंबरडे या रोगाने मोडले. सायलाच्या पिल्लांवर जगणारी टॅमॅरिक्सिया नावाची गांधीलमाशी आहे, मूळची पंजाबकडची. रियुनियन बेटावर तिने छान काम केले. फ्लोरिडातही ती सोडली, पण रोग थांबला नाही. माव्याचे शंभरातले नव्वद खाल्ले गेले तर दहा माव्यांनी झाडाचे काही जात नाही. सायलाचे नव्वद गेले आणि उरलेल्या दहांत एक रोगी निघाला, तर तेवढाच पुरतो. म्हणून मित्रकीटकांवर भिस्त ठेवणारा मी इथे स्वतः हात घालतो.

प्रत्येक नवतीच्या वेळी शेंडे तपासायचे. धागे किंवा पिल्ले दिसली तर तो शेंडा खुडून पिशवीत घालून तोंड बांधायचे. झाडाखाली टाकून द्यायचा नाही. उरलेल्या नवतीवर साबण किंवा तेल, पाने जून होईपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी. कलमाच्या जोडाखालून फुटणारे धुमारे आणि आतले सरळसोट पाणफुटवे काढून टाकायचे, कारण ते बारा महिने कोवळे राहून किडीला कायमचा आसरा देतात. नत्राचे खत एकदम ओतायचे नाही. थोडे थोडे द्यायचे, म्हणजे लुसलुशीत फूट एका वेळी उसळत नाही. कामिनी आणि कढीपत्ता ही त्याच कुळातली झाडे. सायला तिथेही वाढतो, त्यामुळे लिंबाशेजारी ती असतील तर त्यांचेही शेंडे पाहायचे. आणि अनोळखी ठिकाणची लिंबूवर्गीय रोपे, डोळे, फांद्या प्रवासातून घरी आणायच्या नाहीत. रोग कलमातूनही येतो.

ग्रीनिंगची खूण: पानावरचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळा, ठिगळांसारखा. जस्ताच्या कमतरतेत तो दोन्हीकडे सारखा, शिरांमध्ये असतो. फळे लहान, एका अंगाला कलती, आणि देठाच्या विरुद्ध टोकाला हिरवीच राहणारी. लक्षणे लागणीनंतर कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी दिसतात. शंका आली तर पान प्रयोगशाळेत तपासून घ्यावे किंवा कृषी खात्याच्या माणसाला दाखवावे. निदान पक्के झाले तर झाड काढावे लागते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण एक रोगी झाड राखणे म्हणजे आळीतल्या सगळ्या लिंबांवर निखारा ठेवणे.

फवारणीचे म्हणाल तर माझ्याकडे तीनच गोष्टी आहेत. फवारणीसाठी तयार मिळणारा पोटॅशचा मऊ साबण, लिटरला १० ते २० मिली. तो अंगावर ओला असेतोवरच मारतो, वाळला की संपला, आणि जड पाण्यात फाटतो. बागेसाठीचे खनिज तेल, लिटरला १० मिली. ते किडीची श्वासाची छिद्रे बुजवते. पारा ३२ अंशांच्या वर असताना किंवा झाड तहानलेले असताना तेल मारू नये, आणि गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे महिनाभर तर नाहीच. तिसरा निंबोळीचा अर्क: ५० ग्रॅम कुटलेला गर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला, थोडा साबण घालून. तो कीड जागच्या जागी मारत नाही. तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कीड दिसली की लोक ‘उपयोग नाही’ म्हणतात. उन्हात तो काही दिवसांत निकामी होतो, तेव्हा संध्याकाळी फवारावा. तिन्हींपैकी काहीही आधी एका डहाळीवर मारून दोन दिवस थांबावे.

पुरवणीत दुरुस्ती छापावी ही विनंती. रॉकेल आणि तंबाखू वगळावे, आणि त्या काळ्या पानांच्या जागी तीन फोटो शेजारी शेजारी द्यावेत: पिठ्या ढेकूण, त्याच्यासारखी दिसणारी क्रिप्टोलेमसची अळी, आणि धागे सोडणारी सायलाची पिल्ले. तिघेही पांढरे, आणि तिघांशी वागायची रीत वेगळी. फोटोच्या कडेला मोजपट्टी मात्र ठेवा. नाहीतर तीन मिलिमीटरचा सायला छापून येईल बोटभर आणि आपले वाचक झाडावर तेवढा मोठा किडा शोधत बसतील.

आपला,
एक जुना वाचक